संथ धारा

टेबलावर दीड व्होल्टचा एक साधा सेल ठेवा, भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसला. शेजारी त्याला साजेसा टॉर्चचा छोटा बल्ब आणि टोकं सोललेल्या तांब्याच्या दोन तारा, प्रत्येकी १५ सेंटिमीटर. एलईडीचे टॉर्च आल्यापासून हा बारीक तारेचा बल्ब दुकानात कमी दिसतो, पण शाळेच्या प्रयोगशाळेत तो असतोच. अजून काहीही जोडू नका.

आधी नुसती तार पाहा. ती रिकामी आहे असं वाटतं. वीज सेलमध्ये भरलेली असते आणि जोडल्यावर ती तारेतून धावत बल्बाकडे जाते, असं आपण मनात धरून चालतो. इथेच थोडं थांबा. तांब्याच्या प्रत्येक अणूतला साधारण एक इलेक्ट्रॉन त्या अणूला बांधलेला नसतो. एका घन मिलिमीटर तांब्यात असे मुक्त इलेक्ट्रॉन किती? ८५ लिहा आणि पुढे १८ शून्यं द्या. तार काठोकाठ भरलेली आहे आणि ती तशी भरण्यात सेलचा काहीही हात नाही.

हे इलेक्ट्रॉन स्वस्थ बसलेले नाहीत. सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर या वेगाने ते भरकटत असतात, पण सगळ्या दिशांना. जेवढे डावीकडे, तेवढेच उजवीकडे. म्हणून एकूण धारा शून्य.

आता एक तार सेलच्या एका टोकाला आणि बल्बाला लावा. दुसरी बल्बाला लावा, पण तिचं मोकळं टोक सेलपासून केसभर दूर धरा. काहीच होत नाही. या ‘काहीच होत नाही’कडे मुलं फार लवकर पाठ फिरवतात. सेल आहे, तार भरलेली आहे, बल्ब चांगला आहे, तरी अंधार. वाट पूर्ण व्हायला हवी, आणि त्या वाटेत सेलचं पोटही आलं. तिथे जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांची रासायनिक क्रिया चालते आणि प्रभार वाहून नेण्याचं काम आयन करतात.

टोक टेकवा.

आत काय झालं ते सावकाश पाहू. सेलच्या दोन टोकांमधल्या विभवांतरामुळे संपूर्ण तारेत विद्युतक्षेत्र उभं राहतं, तेही काही अब्जांश सेकंदांत. त्यानंतर वाटेवरचा प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या जागेवरून एका दिशेला सरकू लागतो. सेलजवळचे आधी आणि बल्बाजवळचे मग, असं आपल्याला जाणवण्याइतकं काही घडत नाही. सायकलचं पेडल मारलं की चेनच्या सगळ्या कड्या एकदम सरकतात, मागच्या चाकाला पुढच्या कडीची वाट पाहावी लागत नाही, तसंच हे.

आणि सरकण्याचा वेग? बल्बातून ०.३ अँपिअर धारा जाते असं धरा आणि तारेचा छेद अर्धा चौरस मिलिमीटर. हिशेब केला तर इलेक्ट्रॉनांचा सरासरी वेग सेकंदाला ०.०४४ मिलिमीटर येतो. पंधरा सेंटिमीटरची तार ओलांडायला जवळजवळ एक तास! वीज म्हणजे वेग असं लहानपणापासून ऐकलेलं असतं, म्हणून हा आकडा गळी उतरत नाही. वहीत स्वतः करून पाहा: धारेला इलेक्ट्रॉनांची घनता, तारेचा छेद आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांच्या गुणाकाराने भागा.

आता या मननातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. बल्बात शिरणारी धारा जास्त की बाहेर पडणारी? उत्तर द्यायची घाई करू नका. बल्बाने ‘वीज खाल्ली’, म्हणून पलीकडे कमी उरली असेल असं आतून वाटतं, आणि वरच्या वर्गातल्या मुलांनाही वाटतं. ॲमीटर बल्बाच्या अलीकडे लावा, मग पलीकडे लावा. आकडा तोच. एकही इलेक्ट्रॉन खर्च झालेला नाही. चेनच्या कड्याही झिजून चाकात जात नाहीत. बल्बाने घेतली ती ऊर्जा. दीड व्होल्टचा अर्थ एवढाच, की प्रत्येक कूलोम प्रभारामागे सेल दीड जूल ऊर्जा देतो. टंगस्टनच्या बारीक तारेतल्या अणूंना धडकत जाताना इलेक्ट्रॉन ती तिथे सोडतात आणि तार तापून उजळते. सेल संपतो तेव्हाही त्याच्यातले इलेक्ट्रॉन संपलेले नसतात. त्याची रासायनिक क्रिया मंदावलेली असते.

हे पटलं की एकसर जोडणीचं कोडं आपोआप सुटतं. सारखेच दोन बल्ब एकापुढे एक जोडले तर सेलजवळचा जास्त उजळेल का? नाही. दोन्ही सारखेच, आणि दोन्ही मंद. जागा बदलल्या तरी तेच. धारेला ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ बल्ब ठाऊक नसतो. समांतर जोडणीवर फार रेंगाळायला नको: प्रत्येक बल्बाला पूर्ण विभवांतर मिळतं, म्हणून घरात पंखा बंद केला तरी ट्यूब चालू राहते.

जाता जाता बाणांविषयी. पुस्तकातले बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे जातात, इलेक्ट्रॉन नेमके उलटे. धन-ऋण ठरलं अठराव्या शतकात आणि इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. तोवर पुस्तकं छापून झाली होती. परीक्षेत पुस्तकातलाच बाण काढा.

ओहमचा नियम आपण एका ओळीत पाठ करतो: विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. त्यामागचा माणूस कोलोनमधला शाळामास्तर होता, कुलुपं बनवणाऱ्याचा मुलगा. त्या काळातले सेल बेभरवशाचे. मोजता मोजताच त्यांचं विभवांतर घसरे. म्हणून गेऑर्ग ओहमने बिस्मथ आणि तांब्याचा सांधा घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. तापमानातला फरक स्थिर, म्हणून विभवांतरही स्थिर. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्याने टांगलेल्या चुंबकसूचीवरून धारा मोजली. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. मला सूत्रापेक्षा ते उकळतं पाणी आणि बर्फ जास्त मोलाचे वाटतात. तुमच्या टेबलावरचा बल्ब मात्र या नियमाचा वाईट नमुना आहे: थंड असताना त्याचा रोध कित्येक पट कमी असतो, आणि नियमाला तापमान कायम लागतं.

आता मन घराच्या भिंतीकडे न्या. तिथली धारा सेकंदाला ५० आवर्तनं करते. तारेतले इलेक्ट्रॉन पुढे-मागे डोलतात, तेही मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी अंतरात. कोयनेच्या वीजघरातून निघालेला एकही इलेक्ट्रॉन तुमच्या घरी पोचत नाही. वाटेतल्या ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी तर एकमेकांना जोडलेलीही नसतात. पोचते ती ऊर्जा, आणि बिल येतं तेही तिचंच: एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल.

शेवटचा हिशेब तुमच्याच शरीराचा. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. दहा हजार धरला, तर दीड व्होल्टच्या सेलने तुमच्यातून ०.०००१५ अँपिअर धारा जाईल, म्हणजे कळणारही नाही. ओल्या हाताचा रोध हजारभर ओहमवर येऊ शकतो. त्याला २३० व्होल्ट मिळाले तर ०.२३ अँपिअर. घरातला गळतीरोधक स्विच जेमतेम ०.०३ अँपिअर गळतीला वीज तोडतो, कारण त्यापुढे जिवाला धोका असतो. टेबलावरच्या त्या बल्बातून याच्या दहापट धारा जात होती. म्हणून वरचे सगळे प्रयोग सेलवरच करा, भिंतीतल्या सॉकेटवर एकही नको.