खाल्ल्या मिठाचा प्रश्न

खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडे मोठा सद्गुण मानला जातो. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याशी बेइमानी करू नये, ही शिकवण शाळेत यायच्या आधीच घरात मिळालेली असते. नोकराला किंवा सैनिकाला हा नियम लावताना आपले मन कचरत नाही. लेखकाला तो लावू गेले, की मात्र पेच पडतो. लेखकाने कोणाच्या मिठाला जागावे? जो वाचतो त्याच्या, की जो पैसे देतो त्याच्या? दोघे एकच असतील तर प्रश्न मिटला. पण ते वेगळे असतील तर?

पेच जुनाच आहे. ब्लॉगने तो अधिक टोकदार केला. (ब्लॉगला मराठीत काहींनी ‘अनुदिनी’ असे गोड नाव दिले आहे.) वृत्तपत्रात लेखन संपादकाकडे आणि जाहिराती व्यवस्थापकाकडे, अशी निदान तत्त्वतः तरी मधे एक भिंत असते. अनुदिनीवर लेखक, संपादक आणि व्यवस्थापक ही एकच व्यक्ती. भिंत बांधायचीच तर ती स्वतःच्या मनात बांधावी लागते.

अनुदिनीकाराला पैसा येतो तरी कुठून? सर्वांत रुळलेली वाट जाहिरातीची. गूगलने २००३ मध्ये ‘अ‍ॅडसेन्स’ ही योजना आणली. तीत लेखाशेजारी कोणती जाहिरात यायची हे यंत्र ठरवते. व्यापारी कोण, हे लेखकाला बहुधा आधी ठाऊकही नसते. मग मिंधेपणा कोणाचा? तो गर्दीचा. जितके डोळे अधिक तितकी प्राप्ती अधिक, म्हणून मथळे भडक होत जातात. शिवाय अमेरिकेतल्या इंग्रजी वाचकासाठी जाहिरातदार जे मोजतो, ते मराठी वाचकासाठी मोजत नाही. आमच्या शाळेतली मुले मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहितात. त्यांतल्या एखाद्याने उद्या हा हिशेब मांडला, तर तो कोणती भाषा आधी सोडील हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी वाट दलालीची. अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्येच ही पद्धत सुरू केली. तुम्ही एखाद्या वस्तूची शिफारस करायची, वाचकाने तुमच्या दुव्यावरून ती घेतली की ठराविक टक्के तुमचे. मारिया पोपोवा यांची ‘ब्रेन पिकिंग्ज’ ही २००६ पासूनची, ग्रंथप्रेमींची लाडकी अनुदिनी. आज ती ‘द मार्जिनॅलियन’ या नावाने चालते. जाहिराती नाहीत, वाचकांच्या देणगीवर चालते, अशी तिची ओळख होती. पुस्तकांच्या दुव्यांतून दलाली मिळते ही गोष्ट वाचकांना स्पष्ट सांगितलेली नाही, अशी टीका २०१३ मध्ये झाली आणि त्यानंतर तसा खुलासा तिथे दिसू लागला. त्या पुस्तकांची स्तुती मनापासूनचीच असेल, आणि दलाली नसती तरी ती तशीच झाली असती, हे मला मान्य आहे. तरीही स्तुती किती तोलून घ्यायची हे ठरवण्याचा हक्क वाचकाचा आहे, आणि तराजूतले एक वजन त्याला दिसत नव्हते.

तिसरी वाट उघड प्रायोजकत्वाची. एखादी कंपनी वस्तू फुकट पाठवते, वर मानधन देते आणि अनुदिनीकार ‘माझा अनुभव’ लिहितो. इथे लोभापेक्षा कृतज्ञता अधिक घातक ठरते असे मला वाटते. लोभी मनुष्य निदान स्वतःला ओळखून असतो. सज्जन माणसाला मात्र ज्याने दिले त्याच्याविषयी वाईट लिहिताना खरोखरच जड जाते. सद्गुणच लेखणीला अडवतो! म्हणून अमेरिकेत २००९ मध्ये आणि आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये, अशा मजकुरावर तो मोबदला घेऊन लिहिल्याचे स्पष्ट नमूद करावे, असे नियम केले.

चौथी वाट वाचकाच्या पैशाची. जेसन कॉटके यांनी २००५ मध्ये नोकरी सोडून वाचकांपुढे हात पसरला. सुमारे साडेचौदाशे लोकांनी मिळून ३९ हजारांवर डॉलर दिले, पण वर्षभरातच त्यांनी तो प्रयोग थांबवला. अँड्र्यू सलिव्हन यांनी २०१३ मध्ये जाहिराती नाकारून वर्गणी मागितली आणि तीस हजारांहून अधिक वर्गणीदार मिळवले. २०१५ मध्ये ते थांबले ते पैशाअभावी नव्हे, तर अखंड लेखनाचा शीण आणि प्रकृती यांमुळे.

ही वाट सर्वांत स्वच्छ खरी, पण निर्धोक नाही. वर्गणीदाराला जे ऐकायला आवडते तेच लिहिण्याचा मोह इथेही असतो. म्हणजे पूर्ण अळणी असे उत्पन्न कुठेच नाही. पैसा घेऊच नये म्हणावे, तर लिहिण्याचा अधिकार फक्त पोट भरलेल्यांकडे राहील. हा उपाय रोगापेक्षा वाईट.

१९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपले दिवाळी अंक जाहिरातींच्या आधारानेच उभे आहेत. सराफाच्या शुभेच्छांचे पान कोणते आणि कवितेचे कोणते, हे वाचकाला चटकन कळते. त्यामुळे त्या पानाने कविता बाटत नाही. पान कोणाचे आहे हे कळू न देणे, तिथे बाटण्याची सुरुवात होते. तेव्हा लेखकाने कोणाचेही मीठ खावे, पण ते ताटात दिसेल असे वाढून घ्यावे. एवढे सांभाळले तर तो दोघांच्याही मिठाला जागला असे म्हणता येईल.

आणि वाचकाचे काय? सारे फुकट हवे आणि लेखक मात्र निःस्पृह हवा, ही अपेक्षा न्यायाची नाही. आपण ज्याच्या ताटात काहीच वाढले नाही, त्याने दुसऱ्याचे मीठ खाल्ले म्हणून बोट दाखवण्याआधी आपण आपला खिसा चाचपून पाहावा.