कासवांच्या गावचे पाहुणे

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले, सावित्रीच्या मुखाशी बाणकोटजवळ वसलेले गाव. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासात त्याचे नाव आहे. आज ते ओळखले जाते ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांमुळे. मार्चमधल्या शनिवार-रविवारी ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याणची कितीतरी कुटुंबे पनवेल-माणगावमार्गे आंबेतचा पूल ओलांडून तिकडे जातात. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. वेळासची पुळण मात्र राष्ट्रीय उद्यान नाही आणि अभयारण्यही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासवाला सर्वोच्च संरक्षण दिले आहे, पण अंधाऱ्या किनाऱ्यावर तो कायदा अमलात येतो तो गावकऱ्यांच्या जागरणामुळे आणि आलेल्या माणसाच्या वागण्यामुळे.

2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या शोधात या भागात फिरत असताना त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. तोपर्यंत घरटे सापडले की अंडी माणसे नेत. माणसांच्या हातून सुटलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जात. संस्थेने गावाला विश्वासात घेतले, पुढे वन विभागही या कामात आला. गावातलेच कासवमित्र आता हंगामात पहाटे उठून पुळण पालथी घालतात. रात्री मादी वर चढून गेल्याच्या खुणा वाळूत उमटलेल्या असतात. त्या खुणांवरून घरटे शोधायचे, शंभरच्या आसपास अंडी हलक्या हाताने काढायची आणि कुंपण घातलेल्या जागेत, तळाशी फुगीर अशा मडक्यासारख्या खड्ड्यात, मूळ घरट्याइतक्याच खोलीवर ठेवायची. हे काम वेळेत व्हावे लागते, कारण आत जीव धरू लागल्यावर अंडे उलटे-पालटे झाले तर तो दगावतो. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात. हे सगळे केल्यावर साधारण 45 ते 60 दिवस वाट पाहायची.

पाहुणा येतो तो या वाट पाहण्याच्या शेवटच्या टोकाला. सकाळी आणि संध्याकाळी कासवमित्र घरट्यावरची टोपली उचलतात. कधी खाली वाळू हलत असते, करडी-काळी, तळहातात मावतील एवढी पिल्ले एकमेकांच्या पाठीवर पाय देत वर आलेली असतात. कधी टोपलीखाली नुसती वाळू असते. रात्रभर प्रवास करून आलेल्या कुटुंबाची खरी परीक्षा इथे होते. मुले रुसतात, आणि मग मोठ्यांपैकी कुणीतरी म्हणते, “दादा, थोडं उकरून बघा ना, एवढ्या लांबून आलोय.” ही विनंती साधी वाटते, पण तिच्यामागे एक हक्क गृहीत धरलेला असतो: पैसे आणि वेळ खर्च केला म्हणजे दर्शन मिळालेच पाहिजे. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लेही लगेच वर येत नाहीत; काही काळ वाळूतच थांबून ती एकत्र वर सरकतात. तिथे हात घालणे म्हणजे त्यांच्या वेळेवर आपली सुट्टी लादणे. कासवमित्र नकार देतो तेव्हा तो आपले कर्तव्य करत असतो, आणि तो नकार मुलांदेखत मान्य करणे हे आई-बापाचे.

पिल्ले सोडतानाचे नियमही असेच समजून घ्यावे लागतात. त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत, काही अंतर वाळूवरून त्यांचे त्यांना चालू देतात. जन्मकिनाऱ्याची ओळख याच काळात मनात ठसत असावी, असे अभ्यासक मानतात. मोठी झालेली मादी अंडी घालायला सहसा त्याच भागात परतते. पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे पाऊल टाकले तर वाळूत न दिसणारे पिल्लू चिरडले जाऊ शकते. फ्लॅश किंवा टॉर्च लावला तर उजेडाच्या ओढीने ते समुद्राकडे पाठ फिरवते. हजारातले जेमतेम एखादे मोठे होते, तेव्हा एका फोटोसाठी एक पिल्लू वाट चुकणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

पर्यटकांनी येऊच नये, असा याचा अर्थ नाही. वेळासमध्ये पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरचे जेवण जेवतात आणि त्याचे पैसे घरधन्याला मिळतात. जिवंत कासवावर गावाची चूल पेटते, म्हणून कासव राखणे गावाला परवडते. नुसत्या उपदेशाने हे इतकी वर्षे टिकले नसते. पण हेच उत्पन्न पिल्ले हमखास दाखवण्याची घाई लावू शकते. ती घाई रोखणे पाहुण्याच्या हाती आहे: पिल्ले दिसली नाहीत तरी मुक्कामाचे पैसे आनंदाने द्यावेत आणि परतल्यावर गावाच्या नावाने बोटे मोडू नयेत.

कासव कोणत्याही एका गावाचे नसते. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. एवढ्या प्रवासात तिला पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या भेटतात, आणि त्या जेलीफिश समजून कासवे गिळतात. कल्याण-डोंबिवलीचे नाले उल्हास नदीच्या खाडीला मिळतात. ठाण्याजवळ त्या पाण्याचा एक फाटा ठाणे खाडीत शिरतो, जिथे 2015 पासून रोहितांचे अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर स्थळ; मुख्य प्रवाह वसईला अरबी समुद्रात जातो. ठाकुर्लीच्या नाल्यात टाकलेल्या पिशवीलाही समुद्राकडे जायला हीच वाट आहे.