खोटी दाद

माझ्या तोंडून निघालेला पहिला ‘वा!’ चुकीच्या जागी पडला होता.

२०२२चा डिसेंबर. कोविडमुळे गेलेल्या वर्षांनंतर पुण्यात ‘सवाई’ पुन्हा होत होता आणि ऑफिसातल्या आम्ही चौघांनी जायचं ठरवलं होतं. मी बार्शीचा. आमच्याकडे गाणं म्हणजे गणपतीतला ऑर्केस्ट्रा, सप्ताहातलं भजन आणि वडापमधला टेप. मुकुंदनगरच्या मांडवात शिरलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की इथे लोक नुसतं गाणं ऐकत नाहीत, त्याच्याशी बोलतात. कुणी ‘क्या बात है’ म्हणतंय, कुणी नुसतं ‘च्च’ करतंय, कुणी मांडीवर ताल धरलाय. गायिकेने एक लांबलचक तान घेतली आणि मीही जोरात ‘वा!’ म्हणालो. तान अजून संपायची होती. पुढच्या शालवाल्या काकांनी मान वळवून पाहिलं, बोलले काही नाहीत. उरलेला वेळ मी त्यांच्या मानेकडे बघत काढला. ती हलली की माझी हलायची.

पुढच्या वर्षीही गेलो. तेव्हा आमच्यातली एक मैत्रीण मध्यंतरात, कॉफीच्या रांगेत म्हणाली, “खरं सांग हं, तुला कळतं यातलं?”

मी म्हणालो, “हो. म्हणजे, कळतं की.”

“मग माझंच काहीतरी कमी असेल,” ती म्हणाली आणि विषय बदलला. त्यानंतर ती आलीच नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, “ते तुम्हा लोकांचं आहे रे.” तुम्हा लोकांचं! मला!

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. न कळलेल्या गाण्याला ‘वा’ म्हणणं खोटं बोलणं आहे का? प्रश्न फक्त सवाईचा नाही. थंडी पडली की आपली शहरं अशीच भरून येतात. मुंबईत काळा घोडा, तिथून दोन पावलांवर जहांगीर आर्ट गॅलरी, पृथ्वीला नाटकं. एखाद्या अमूर्त चित्रासमोर किती सेकंद उभं राहिलं म्हणजे शोभेल, हा हिशेब तुम्हीही कधीतरी केला असेल. (स्टोरी टाकण्याचं सोडा. ते निदान उघड आहे.)

कांटचं म्हणणं साधारण असं, की ‘हे सुंदर आहे’ हा निवाडा ज्याचा त्यानेच करावा लागतो. शंभर जणांनी सुंदर म्हटलं म्हणून ते मला सुंदर वाटलं, असं होऊ शकत नाही. हे धरलं तर माझी सगळी मान उसनी. पिअर बोर्द्यू हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ आणखी झोंबणारं बोलतो. त्याचं ‘डिस्टिंक्शन’ हे पुस्तक १९७९चं. त्याच्या मते आवडीनिवडी ही आपल्याला वाटते तितकी खासगी गोष्ट नसते. कोण कुठल्या थरातला, हे त्या सांगतात, आणि दुसऱ्याला त्याची पायरीही दाखवतात. मांडवात हे दिसतंच. ‘रमणबागेत होता तो खरा सवाई’ असं म्हणणाऱ्याला मुकुंदनगरवाल्यांपेक्षा एक पायरी वरची मिळते. लाउडस्पीकरच्या नियमांआधीच्या, रात्रभर चालणाऱ्या मैफिली ज्याने ऐकल्या, त्याला आणखी एक. आणि माझं ‘कळतं की’ म्हणजे मीही एका पायरीवर चढलो होतो. खाली मैत्रीण उभी होती.

पण एवढ्यावर थांबलो तर माझ्यावरच अन्याय होईल. कारण त्या उसन्या मानेनेच मला काहीतरी शिकवलं.

विलंबित ख्याल बहुतेक वेळा एकतालात असतो. बारा मात्रा. ठेका इतका संथ की एक आवर्तन कधी कधी पाऊण-एक मिनिट घेतं. पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा मधल्या वेळात कुठेही भटकतो, स्वरांशी खेळतो, हरवल्यासारखा होतो, आणि मग बंदिशीचा मुखडा घेऊन बरोबर समेवर येतो. हे मी नंतर यूट्यूबवर बघितलं, पण त्याआधी ते काकांच्या मानेने सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी कधीतरी असं झालं की मुखडा सुरू होताच माझ्या पोटात काहीतरी आवळलं, आणि समेवर मान आपोआप खाली आली. समोर कुणाचीच मान नव्हती तेव्हा, मी खांबाशी बसलो होतो.

ही मान कधीपासून माझी झाली, ते मला सांगता येणार नाही.

ॲरिस्टॉटल म्हणतो की न्यायी कृत्यं करत करतच माणूस न्यायी होतो. आधी मन तयार, मग कृती, असा क्रम नसतो. आपल्याकडे काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजारएक वर्षांपूर्वी रसिकाला ‘सहृदय’ म्हटलं, आणि हा सहृदय जन्मत: तसा असतो असं तो म्हणत नाही. काव्याच्या अभ्यासाने, सवयीने त्याच्या मनाचा आरसा स्वच्छ होतो, असं म्हणतो. मला यातला ‘अभ्यास’ हा शब्द फार दिलासा देतो. अभ्यासाच्या सुरुवातीला सगळं नकलीच असतं. लहान मूल देवापुढे हात जोडतं तेव्हा त्याला आपण ढोंगी म्हणत नाही. (उलटं ढोंगही असतं, बरं का. ‘आपल्याला नाही बाबा कळत ते शास्त्रीय’ हे ज्या ऐटीत म्हटलं जातं, त्यालाही चांगलीच पायरी असते.)

शिवाय दाद ही काही कलाकाराला दिलेली पावती नव्हे. हा महोत्सव १९५३ साली सुरू झाला, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ. ते आदल्याच वर्षी गेले होते. शिष्य भीमसेन जोशींनी तो पुढे अनेक दशकं सांभाळला. शेवटच्या दिवशी, सगळं गाऊन-वाजवून झाल्यावर, सवाई गंधर्वांची भैरवीतली ध्वनिमुद्रिका लावतात. व्यासपीठावर कुणी गात नसतं. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा आवाज, आणि लोक तरीही हळूच ‘वा’ म्हणतात. ही दाद कुणापर्यंत पोचत असेल? त्या माणसापर्यंत तर नाहीच. मला वाटतं ती शेजाऱ्यापर्यंत जाते. आणि गोची तिथेच आहे, कारण शेजारी जे पोचतं त्याची जबाबदारी आपल्यावर येते.

२०२४ला आईला घेऊन गेलो. स्वारगेटला मेट्रोतून उतरून रिक्षा केली. तिने स्वेटरवर शाल घेतली होती आणि पिशवीत दशम्या. विलंबित सुरू झाला, आणि दहाएक मिनिटांनी ती घरच्याच आवाजात म्हणाली, “काय रे, एकच ओळ किती वेळ म्हणतोय तो?” दोन-तीन माना वळल्या. मी लगेच तिच्या कानात बढत, आलाप, राग कसा उलगडत नेतात वगैरे सांगायला लागलो. म्हणजे कानात म्हणायचं, आजूबाजूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ती ‘बरं’ म्हणाली. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी तिला हलवून उठवलं. का उठवलं, ते मला माहीत आहे आणि ते लिहायची लाज वाटते.

रात्री ती मावशीशी फोनवर बोलत होती. “अगं, कळलं काहीच नाही मला. झोपले पण मधी. पण तो गाता गाता थांबला ना एकदा, तर एवढी हजारो माणसं एकदम गप. ते बाई मी कधी ऐकलं नव्हतं.”

मी तीन वर्षं जात होतो. ती शांतता मी ऐकली होती, पण हे वाक्य मला जमलं नव्हतं. ‘कळलं नाही’ आणि ‘आवडलं’ एका दमात. काकांची मान उसनी घेतली त्याचं आता मला काही वाटत नाही, चुकीच्या जागच्या ‘वा’चंही नाही. ते खोटं होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं. कॉफीच्या रांगेत मला विचारलं होतं. तिला त्या दिवशी फक्त एक सोबती हवा होता, न कळणारा. तो तिच्या शेजारीच उभा होता.

यंदा ऑफिसच्या ग्रुपवर ‘सीझन तिकीट कुणाकुणाला?’ असा मेसेज पडला. ती त्या ग्रुपमध्ये नाही, नोकरी बदलली तेव्हाच बाहेर पडली. मी तिला वेगळा मेसेज केला : “तेव्हा तू विचारलं होतंस ना, मला कळतं का. मला काहीच कळत नव्हतं गं.”

दोन्ही टिक निळ्या झाल्यात. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत होतं, मग थांबलं.