लढाईत पडलेल्या शिपायाचे स्मरण



लढाईत पडलेल्या शिपायाचे स्मरण ख्रिस्ती मनुष्याने कोणत्या भावनेने करावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. एक म्हणतो, तो हुतात्मा होय. अधिक विचार कशाला? दुसरा म्हणतो, त्याने मनुष्यहत्या केली, आणि सहावी आज्ञा तर स्पष्ट आहे. मग प्रार्थनेत त्याचे नाव कशास घ्यावे? ताडकळसच्या शिवारात ज्वारी-कापूस पिकविणाऱ्याला हा वाद दूरचा वाटेल. परंतु शिपाई बहुधा खेड्यातूनच जातो, आणि परभणी जिल्ह्याला पलटण कधी परकी नव्हती. जे हिंगोली १९९९ सालापर्यंत ह्याच जिल्ह्यात होते, तेथे पूर्वी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार आपणांसही केला पाहिजे. आणि तो हवेत न करता एका खऱ्या माणसाविषयी करावा, हे बरे.

कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव म्हणून गाव आहे. तेथील यशवंत घाडगे हा तरुण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होता. दुसऱ्या महायुद्धात ही पलटण इटलीत लढत होती. ज्या टायबर नदीच्या काठी पौलाने बंदिवास सोसला ते रोम शहर वसले आहे, तिच्याच वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी ह्या पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या मोर्चावर हल्ला केला. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला, आणि यशवंताच्या तुकडीतील सर्व शिपाई मेले किंवा जखमी झाले. तो एकटाच उभा राहिला. तो क्षणभरही न थांबता मशीनगनवर धावून गेला. हातबाँब टाकून त्याने ती तोफ व ती चालविणारा निकामी केला, आणि एकास टॉमीगनने मारले. पुन्हा गोळ्या भरण्यास अवकाश नव्हता; तेव्हा बंदुकीची नळी हाती धरून त्याने उरलेल्या दोघांस दस्त्याने ठेचून ठार केले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत व पाठीत शिरल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात त्याने प्राण सोडला. त्या वेळी तो बावीस वर्षांचा होता. मरणोत्तर त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता विचार करा. ज्या कागदाने त्याचा गौरव केला, त्याच कागदात त्या दोघांस कसे मारले हेही लिहिले आहे. स्मारकापुढे बोलताना आपण ही गोष्ट गाळतो. ती जड वाटते. परंतु ती गाळली, तर ज्याचे स्मरण करतो तो यशवंत उरत नाही, केवळ पितळेचा पुतळा उरतो. आणि त्या मारले गेलेल्यांच्याही घरी कोणी आई वाट पाहत होती. त्यांची नावे त्या कागदात नाहीत. पण देवाच्या वहीतून ती गळालेली नाहीत.

मग शास्त्र काय शिकविते? दाविदाची गोष्ट पाहा. तो शूर होता, देवाला प्रिय होता. तरी इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात असे आहे की, त्याच्या हातून फार रक्त सांडले म्हणून मंदिर बांधण्याचा मान त्यास मिळाला नाही. देवाने त्याला टाकले नाही, पण रक्तालाही पवित्र म्हटले नाही. आणि ज्या शौलाने त्याचा जीव घेण्याचा प्रयत्न केला, तो गिलबोवाच्या डोंगरावर पडला तेव्हा दाविदाने योनाथानाबरोबर त्याच्यासाठीही विलाप केला. खरे स्मरण असे असते: ते प्रेम करिते, आणि खोटे बोलत नाही.

कित्येक ठिकाणी शिपायाच्या मरणाची प्रभूच्या मरणाशी तुलना करितात. ह्या बाबतीत आपण जपून असावे. प्रभूने मरताना कोणास मारले नाही. पेत्राची तरवारही त्याने म्यानात घालविली. तथापि शिपायाला तुच्छ लेखण्याचाही अधिकार आपणांस नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने त्याच्याकडे आलेल्या शिपायांना जुलूम न करण्यास सांगितले, घालवून दिले नाही. शिवाय हे युद्ध यशवंताने पुकारले नव्हते. राज्यांनी जे ठरविले ते त्याला आपल्या हातांनी करावे लागले, आणि त्याची किंमत त्याने स्वतःच्या देहाने दिली. घरी सुरक्षित बसून त्याला केवळ खुनी म्हणणारा, आणि त्याला केवळ वीर म्हणून मोकळा होणारा, हे दोघेही पिलाताप्रमाणे हात धुतात. युद्धाचे पाप सर्वांचे आहे. शिपायाच्या वाट्याला त्याचा सर्वांत जड भाग येतो.

कोणी म्हणेल, तो आपल्या मंडळीचा नव्हता. खरे आहे. परंतु न्याय करणे आपणांवर सोपविलेले नाही. रडणाऱ्याबरोबर रडणे मात्र सोपविलेले आहे.

इटलीत त्या युद्धात ५,७८२ हिंदी सैनिक पडले. यशवंताचा पुतळा माणगावात आहे. आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने ह्या गावीही त्याच्या नावाने एक छायायंत्र उभारण्यात आले. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने आपल्या वैऱ्यांवर प्रीती करावयास सांगताना ह्याच सूर्याचा दाखला दिला, हे वाचकांस आठवेलच. ज्या खोऱ्यात माणसांनी एकमेकांस मारले, तेथे आता एका परक्या शिपायाच्या नावाने सावली सरकते व वेळ सांगते.

तेव्हा आपल्या गावात पडलेल्या शिपायाचे नाव निघेल, तेव्हा तीन गोष्टी कराव्या. त्याच्या धैर्याबद्दल देवाचे आभार मानावे. त्याच्या हातून मेलेल्यांसाठीही मान लववावी, आणि ज्या जगाने त्यांना समोरासमोर उभे केले त्या जगाचे आपणही भागीदार आहो, असे कबूल करावे. आणि प्रार्थना संपल्यावर त्याच्या घरी जावे. याकोबाने विधवा व अनाथ यांचा समाचार घेणे हाच शुद्ध धर्म सांगितला आहे. हार एका दिवसात सुकतो. म्हातारीच्या घरी सरपण आहे की नाही, हे मात्र वर्षभर पाहावे लागते.

शांतीचा देव आपणां सर्वांस असे स्मरण करण्याची बुद्धी देवो.