हंगामापुरती वर्गमैत्रीण

दिवाळी आटोपली की सोनई गावच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. मुळा साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. पाथर्डीकडून, बीडकडून कोयते येतात. ऊसतोडीच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाने आगाऊ दिलेली उचल त्या दोघांवर ठरते. बरोबर आलेली पोरं कुणाच्याच हिशेबात नसतात. त्यातली काही गावच्या शाळेत येऊन बसतात. जूनपासून जमलेल्या वर्गात नोव्हेंबरात चार नवी तोंडं येतात, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की तीही गेलेली असतात.

वर्गात आपलेपणा कसा वाढवावा, याची शिक्षकांना प्रशिक्षणं मिळतात. मुलांना गोलात बसवा, खेळ घ्या, वाढदिवस साजरे करा. वाईट काहीच नाही त्यात. (कोपीतल्या कुणाकुणाच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते, आणि तेव्हा शाळेलाच सुट्टी असते, ही गोष्ट वेगळी.) पण गोलात बसलेली मुलं एकमेकांची झाली, असं मी तरी धरून चालत नाही. माझी कसोटी साधी आहे. एक जण निघून गेला, तर उरलेल्यांचं काही अडतं का?

या मुलांसाठी एके काळी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. तेव्हा दुसरं कुणी त्यांना दारात उभं करत नव्हतं, त्यामुळे त्या कामाचं मोल कमी लेखू नये. तरी तिथे कोपीतलं पोर कोपीतल्याच पोराशेजारी बसे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने त्याला वयाप्रमाणे नेहमीच्या वर्गात जागा दिली, बागायतदाराच्या मुलाशेजारी. जागा कायद्याने मिळते. सोबत कायद्याच्या हातात नाही.

कोपीतली मुलगी शाळेत येते तेव्हा पुष्कळदा कडेवर धाकटा भाऊ असतो. आई फडात, मग त्याला सांभाळणार कोण? बाईंनी ‘त्याला घरी ठेवून ये’ म्हटलं, की तिची शाळा संपली. बाईंनी सतरंजीच्या कोपऱ्यात त्याला जागा दिली, की मात्र गंमत होते. पोरगं रांगत जाऊन कुणाची तरी पेन्सिल तोंडात घालतं, कुणीतरी त्याला मांडीवर घेतं, आणि तेवढ्या वेळात त्याची बहीण गणित सोडवते. गणितही तिला अनोळखी नसतं. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, किती पेंढ्या विकल्या, पैसे किती आले, हा हिशेब ती तोंडी करते. ज्यांच्या गोठ्यात ते वाढे जातात, त्या घरची मुलं त्याच वर्गात असतात. एकाच उसाची दोन टोकं एका सतरंजीवर आलेली असतात. वाढ्याचं गणित फळ्यावर आलं, तर पहिल्यांदा त्यांना तिला विचारावं लागेल.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, तेव्हा सोबत ही एकत्र कामातून जुळते, हे ओळखलं होतं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राबत आणि एका पंगतीला बसत. समतेवरचं व्याख्यान ऐकून उठलेला मुलगा घरी जाऊन पुन्हा पहिल्यासारखा वागू शकतो. ज्याच्याबरोबर भाकरी भाजली त्याला परका मानणं जड जातं.

जड जातं, अशक्य होत नाही. १ जानेवारी २०१३ रोजी याच सोनईच्या शिवारात तीन दलित तरुणांची हत्या झाली. तिच्या मुळाशी आंतरजातीय प्रेमसंबंध होते. गावात शाळा-कॉलेजं तेव्हाही होती. म्हणून वर्गातल्या मैत्रीकडून समाज बदलण्याची हमी मागू नये. पण ती मैत्री शाळेच्या फाटकाशी थांबते ती का, हे तरी शाळेने विचारावं. कोपीपर्यंत कधी कुठला वर्ग गेला आहे का? कारखाना पाहायला सहल जाते, ऊस कुठून आत येतो आणि साखर कुठून बाहेर पडते ते दाखवतात, आणि कोप्यांवरून बस सरळ पुढे निघून जाते.

गाव सोडताना या मुलांना शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, पुढच्या शाळेत दाखवायला. ते शिक्षक भरतात, बहुधा ऑफिसात बसून. वर्गात बसून का भरू नये? निघालेल्या मुलीला काय येतं, कुठे अडतं, हे शेजारी बसणारीला विचारावं. भावाला आता कोण सांभाळणार, हे ती आपणहून विचारील.