मातीचा स्वभाव आणि अनुमान

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत घर बांधायचे तर भूमिपूजन आधी, मातीची तपासणी मागाहून, आणि तीही जमली तर. छत्तीसगडात जिला कन्हार म्हणतात ती काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे हलके घर उचलते-खचवते. तो मातीचा स्वभावच, त्याला कोण काय करणार, हा स्वभाववाद आपल्याकडे फार जुना आहे. पण तो तर्कात टिकत नाही. नैयायिकांचे म्हणणे असे की धुरावरून अग्नी ओळखता येतो, अग्नीवरून धूर मात्र नाही. धुराला ओले सरपण लागते. ही ओल म्हणजे उपाधी, न सांगितलेली अट. कन्हारीलाही उपाधी आहेत. प्रयोगशाळेत दहा ग्रॅम कोरडी माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही; दोन्ही आकारमानांच्या फरकावरून फुगवट्याचा निर्देशांक निघतो. पण चाचणीतल्या त्या मातीवर कसलाच भार नसतो. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांना आढळले की प्रत्यक्ष जमिनीत सुमारे मीटरभर खोलीखाली तीच माती भिजूनही जवळजवळ हलत नाही. म्हणूनच वर न फुगणाऱ्या मुरुमासारख्या मातीचा थर दाबून बसवण्याचा उपाय पुढे आला. मग स्वभाव कुठे राहिला?

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूमिपरीक्षा आहे: खड्डा पाण्याने भरावा, शंभर पावले जाऊन यावे; पाणी उतरले नसेल तर भूमी चांगली. भिजून भेगा मिटलेली कन्हार यात सहज उत्तीर्ण होईल. हा दोष श्रद्धेचा नव्हे, ऋतू ही उपाधी सुटल्याचा आहे.

चार्वाक इथे अडवील: न दिसलेली उपाधी नसेलच कशावरून? आक्षेप खरा आहे. उद्या शेजारची जलवाहिनी फुटली तर माती तपासणीचा अहवाल काय करणार? दहाव्या शतकातल्या नैयायिक उदयनाचे उत्तर मला पटते: शंका तिथवरच, जिथे ती शंका घेणाऱ्याच्याच वागण्याला खोटे पाडते. चार्वाकही धूर हवा तेव्हा चूलच पेटवतो. तळाशी रुंद केलेले अंडर-रीम्ड पाइल ओल बदलते त्या थराखाली नेतात, ते अंदाज चुकू शकतो हे मानूनच. भूमिपूजनात आपण धरित्रीची क्षमा मागतो, तिच्या बळाचा दाखला नव्हे. त्यामुळे पूजा आणि तपासणी यांचे भांडण मुळात नाहीच. मुहूर्त काढण्याआधी अहवाल मागवा, आणि नमुना पाया जिथे टेकणार त्या खोलीवरूनही घ्यायला सांगा.