चारचाकी : एक

माझ्या नियमांच्या वहीत तिसऱ्या पानावर एक ओळ आहे : ‘चारचाकी : एक.’ सहा वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात महासतीजींसमोर बसून परिग्रहाचं परिमाण लिहून घेतलं, तेव्हाची ही ओळ. लिहिताना काहीच जड गेलं नाही. दारात गाडी एकच होती, दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. जे नाहीच ते सोडायला काय लागतं? नियमाची परीक्षा सुरू होते ती वस्तू परवडायला लागली की.

गेल्या दिवाळीनंतर ती परवडायला लागली. लेकीला अडाजणहून रोज लांब कॉलेजला जायचं, रिक्षा वेळेवर मिळत नाही, पावसाळ्यात हाल. आमच्या यांचं रिंग रोडच्या कापड मार्केटात दुकान; जुनी पेट्रोल गाडी तेच नेतात. एके रात्री जेवताना म्हणाले, “एक छोटी इलेक्ट्रिक घेऊन टाकू. पेट्रोल नाही, धूर नाही. तुझ्या नियमालाही धक्का नाही. जिथे हिंसाच नाही, तिथे बंधन कसलं?”

मला लगेच उत्तर सुचलं नाही. मैत्रिणींनो, खरं सांगते, उत्तर शोधायची इच्छाही फार नव्हती. मला गाडी हवीच होती.

मग शोरूमच्या फेऱ्या सुरू झाल्या. आमच्या बजेटात दोनच नावं पुन्हा पुन्हा येत होती. एक एमजीची कॉमेट. तीन मीटरपेक्षाही आखूड, दोन दारं, चार माणसं, बॅटरी १७.३ युनिटची, कंपनी सांगते एका चार्जमध्ये २३० किलोमीटर. २०२३ मध्ये आली तेव्हा ७.९८ लाखांपासून होती. पुढच्या वर्षी त्यांनी नवीनच टूम काढली : गाडी ४.९९ लाखांना घ्या, बॅटरी भाड्याने ठेवा, किलोमीटरमागे अडीच रुपये द्या. दुसरी टाटांची टियागो. २०२२ च्या सप्टेंबरात ८.४९ लाखांपासून सुरू झालेली. चार दारं, पाच माणसं, बॅटरी १९.२ किंवा २४ युनिटची. मोठ्या बॅटरीला कंपनीने तेव्हा ३१५ किलोमीटर सांगितले. एसी लावून, माणसं भरून दोनशेच्या आसपास धरावेत.

लेकीला कॉमेट आवडली. खेळण्यासारखी दिसते, चौकातल्या कुठल्याही फटीत उभी राहते. सासूबाईंनी मागच्या सीटवर जायचा एकदा प्रयत्न केला. पुढची सीट वाकवून, गुडघा धरून आत शिरल्या आणि आतूनच म्हणाल्या, “मला इथून काढा गं कोणीतरी.” सगळे हसलो. पण वही माझ्या पर्समध्ये होती, आणि मी काही मनापासून हसले नाही.

यांच्या प्रश्नाशी मी तीन महिने झगडले. पहिल्यांदा वाटलं, इलेक्ट्रिक गाडीतही हिंसा आहे हे दाखवून द्यावं, म्हणजे वाद संपेल. ते अवघड नव्हतं. आपल्या देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावर होते. आपल्या तापीच्या काठी उकाईला जलविद्युत आहे तसं औष्णिक केंद्रही आहे. काक्रापारला अणुवीज आहे. म्हणजे धूर आपल्या नाकासमोरून हलतो, जगातून नाहीसा होत नाही. बॅटरीचं लिथियम चिलीच्या वाळवंटातल्या मिठागरांतून येतं, जिथे आधीच पाण्याची वानवा. कोबाल्ट बहुतेक काँगोतलं, आणि तिथल्या छोट्या खाणींत लहान मुलं राबतात हे जगजाहीर आहे. पण खोटं कशाला बोलू? आता या छोट्या गाड्यांत बहुधा लोह-फॉस्फेटची बॅटरी येते, तिच्यात कोबाल्ट नसतं. आणि कोळशाची वीज धरूनही किलोमीटरमागचा धूर पेट्रोलपेक्षा कमीच पडतो. खर्चाचं तर विचारूच नका. पेट्रोलला किलोमीटरमागे सहा-सात रुपये, घरच्या विजेला जेमतेम एक-दीड. छतावर सौर पॅनल असेल तर हिशेब आणखी स्वच्छ.

म्हणजे यांचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. हिंसा शून्य नाही, पण कमी आहे. मग माझी हरकत काय उरली?

उत्तर मला सापडलं ते एकासणाच्या दिवशी. एकदाच बसून जेवायचं, एवढा तो नियम. समजा संध्याकाळी कोणी ताट आणलं आणि म्हणालं, “हे अगदी शुद्ध आहे, कांदा नाही, बटाटा नाही, सूर्यास्ताच्या आतलं आहे, खा.” अन्न शुद्ध असेल, म्हणून एकासणं टिकतं का? नाही. अन्न कसं आहे हा एक प्रश्न, आणि मी किती वेळा जेवायचं ठरवलं हा दुसरा. पहिल्याचं चांगलं उत्तर दुसऱ्यावर चिकटवता येत नाही.

गाडीचंही तसंच. अहिंसा हे एक अणुव्रत, परिग्रहाचं परिमाण हे दुसरं. कमी हिंसेची गाडी निवडली तर पहिल्याला मदत होते. पण दोनाची परवानगी त्यातून निघत नाही. उलट मला वाटतं, स्वच्छ वस्तूच जास्त फसवते. पेट्रोलची दुसरी गाडी घेताना मनाला टोचलं तरी असतं. इलेक्ट्रिक घेताना आपण धर्मच करतोय असं वाटतं.

आपल्या सुरतेला हे नवीन नाही. इथे आता प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचा मोठा धंदा आहे. खाण नाही, उकरलेला डोंगर नाही. चांगलंच आहे. पण लग्नसराईत माझ्या ओळखीच्या बायका म्हणतात, “आता स्वस्त झालेत, दोन सेट घेऊ.” खाणीचं पाप वाचलं खरं, हाव मात्र तेवढीच राहिली. किंबहुना वाढली.

कोणी म्हणेल, मग संसारात राहूच नका. तसं आपला धर्म म्हणत नाही. उपासकदशा सूत्रातल्या आनंद श्रावकाकडे बारा कोटी सुवर्णमुद्रा होत्या, गाईंचे चार गोकुळ होते. त्याने भगवान महावीरांसमोर व्रतं घेतली तेव्हा वाहनांचीही मर्यादा केली : प्रवासाचे पाचशे गाडे आणि मालवाहतुकीचे पाचशे. हजार गाडे! लहानपणी हे ऐकून मला हसू यायचं, ही कसली मर्यादा? आता कळतं. त्याने आकडा बोलून दाखवला, आणि बोलल्यावर तो आकडा हलवायचा नाही एवढंच व्रत. त्याची बायको शिवानंदा हिनेही स्वतः जाऊन श्राविकेची बारा व्रतं घेतली. ‘नवऱ्याने घेतली ना, मग माझीही त्यातच’ असं ती म्हणाली नाही.

बॅटरी भाड्याच्या योजनेवर यांनी आणखी एक मुद्दा काढला. “बॅटरी आपली नाहीच. अर्धी गाडी कंपनीची. म्हणजे तुझ्या वहीत अर्धीच धर.” विनोद म्हणून मी सोडून दिलं, पण प्रश्न खरा आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे मूर्च्छा असं सांगितलंय. वस्तू कोणाच्या नावावर आहे यापेक्षा मन तिच्यात किती अडकलंय, हे महत्त्वाचं. भाड्याच्या बॅटरीची गाडी दारात उभी राहिली की शेजारीण बघते का, हे मी खिडकीतून बघणारच. ती मूर्च्छा पूर्ण माझी, तिचं भाडं कोणी घेत नाही.

तर ठरलं, गाडी एकच. जुनी विकायची आणि इलेक्ट्रिक आणायची. जुनी विकली म्हणजे ती जगातून जाणार नाही, दुसऱ्या कोणाच्या दारात धूर सोडेल, हेही मला माहीत आहे. माझ्या मर्यादेने जग बदलत नाही. माझ्या दारापुरतं बदलतं.

इथवर सगळं छान होतं. अडलं ते माहेरापाशी.

माझं माहेर अमळनेर. सुरतेहून नवापूर, कोंडाईबारीचा घाट, धुळं करत गेलं तर अडीचशे किलोमीटरहून जास्त. आई एकटी, वय ऐंशीच्या वर. दोन वर्षांपूर्वी रात्री अकराला फोन आला की ती मोरीत पडली. आम्ही पंधरा मिनिटांत निघालो, पहाटे तिच्या उशाशी होतो. या छोट्या गाड्या एका दमात अमळनेरला पोचत नाहीत. कॉमेटला तर ती आली तेव्हा फास्ट चार्जिंगच नव्हतं, घरच्या चार्जरवर सात तास.

आपल्या चौदा नियमांत वाहन आहे तशी दिशाही आहे. आज किती लांब जायचं, ते सकाळी ठरवायचं. पण दिशा ज्याची त्याने आखायची असते. यांची दिशा अडाजण ते रिंग रोड, लेकीची कॉलेजपर्यंत; दोघांच्या वाटा बॅटरीत आरामात बसतात. बसत नाही ती फक्त माझी. घरात काटकसर झाली की सुनेच्या माहेरची वाट आधी आखूड होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. नियम माझा, म्हणून किंमतही एकट्या मीच भरायची?

हे मी जेवताना बोलले. हे गप्प राहिले. सासूबाई म्हणाल्या, “माझी आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचले. बैलगाडीमुळे नाही गं. कोणी लवकर निघू दिलं नाही.” मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, “गाडी कुठलीही घे. निघायला उशीर नको.”

त्यानंतर निवड सोपी झाली. पाच सीटची टियागो, मोठ्या बॅटरीची, जिचं फास्ट चार्जिंग तासाभरात ऐंशी टक्क्यांपर्यंत जातं. नेहमीचं माहेर तापी लाइनच्या गाडीने. उधना-जळगाव मार्गावर अमळनेर स्टेशन आहेच. आणि रात्रीचा फोन आला तर भाड्याची गाडी, त्या क्षणी, खर्च न विचारता. त्याचे पैसे वेगळे काढून ठेवायचे, हे यांनीच सुचवलं. सकाळी लेकीला सोडून ते पुढे दुकानात जातात. रोज अर्धा तास आधी निघावं लागतं, त्याबद्दल दोघं कुरकुरतात. कुरकुरू देत.

एक सावधगिरी मात्र सांगते. ही गाडी हळू चालताना आवाज करत नाही. पहाटे विहारात साधू-साध्वी रस्त्याच्या कडेने चालत असतात, त्यांना मागून काही आलेलं कळत नाही. अंधारात वेग कमी ठेवा, लांबूनच हलका हॉर्न द्या. आणि शोरूमवाला सीटला ‘लेदर’ म्हणाला तर ते कातडं की कृत्रिम, हे विचारूनच सही करा.

गाडी आली त्या दिवशी मी वही उघडली. ‘चारचाकी : एक’ ही ओळ तशीच आहे. तिच्याखाली मी दिशेची ओळ लिहिली, आणि अमळनेर मर्यादेच्या आत धरलं.